साबणाच्या डबीतले दोन दिवे

“हात मागे! मागे घे हात, शंतनु!”

कृष्णाजीअण्णांचा आवाज एवढा चढला, की हयवदनच्या हातातलं कडबोळं खाली पडलं. शंतनुचा स्क्रू-ड्रायव्हर उघड्या टीव्हीच्या आत, पिक्चर ट्यूबच्या काचेवरल्या रबरी टोपीपासून जेमतेम बोटभर अंतरावर थांबला होता.

“पण अण्णा, प्लग तर काढलाय! पॉवर ऑफ आहे!”

“प्लग काढला म्हणून ट्यूब रिकामी होत नाही. तिच्या पोटात वीज साठून राहते. तुझा हात लागला असता, तर तुला उचलून भिंतीवर आपटलं असतं तिनं! भार्गवी, ह्या पुणेकराला सांग, कुठलाही टीव्ही आला की आपण काय करतो?”

भार्गवीनं बोटं मोजली. “आधी बघायचं. मग विचारायचं. मग मोजायचं. आणि स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी!”

“सरी! बरोबर!” अण्णा खूश झाले. त्यांनी स्वतःच एका जाड वायरनं ट्यूबमधली वीज उतरवली. ‘फट्’ असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि शंतनु दोन पावलं मागे सरकला.

“बाप रे!” तो पुटपुटला.

“आत्ता कळलं?” हयवदन जमिनीवरचं कडबोळं फुंकत म्हणाला.

मधे फरसबंद अंगण आणि भोवती दोन मजल्यांवर घरं, अशा वस्तीला बेंगळुरात वठार म्हणतात. राजाजीनगरातल्या ह्या वठारात बावीस घरं होती. बहुतेक घरांतली मोठी माणसं एकाच कारखान्यात कामाला. त्यामुळे कारखान्याच्या सोसायटीतून घेतलेले टीव्हीही घरोघरी एकाच बनावटीचे होते. दप्तराएवढे, ब्लॅक अँड व्हाइट, वर धरायला मूठ आणि मागे बॅटरीची पिन खोचायला भोक. फाटकाजवळ, पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती. तिथे कृष्णाजीअण्णा हे टीव्ही दुरुस्त करत आणि सुट्टीत मुलांना शिकवत. बत्तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही उघडण्यात गेली होती त्यांची. गल्लीपलीकडच्या स्वतःच्या घरी मात्र त्यांनी टीव्ही ठेवला नव्हता. “हलवायाच्या घरी जिलबी करतात का कधी?” असं म्हणायचे.

भार्गवी बारा वर्षांची. तिचा जन्मच वठारातला. शंतनु महिन्यापूर्वी पुण्याहून आला होता, कारण त्याच्या बाबांना इथल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. हयवदनच्या घरी कन्नड बोलत, पण भार्गवीच्या आईच्या हातचं खाऊन खाऊन तो मराठी शिकला होता.

“अण्णा, ह्याचाही तोच रोग?” भार्गवीनं टीव्हीच्या आत डोकावून विचारलं.

अण्णांचा चेहरा उतरला. “तोच. हा डायोड बघ. डायोड म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. बॅटरी उलटी लागली, तर बाकीच्या भागांना वाचवायला हा स्वतः पुढे होतो आणि फ्यूज उडवतो. पण लोक फ्यूजच्या जागी जाड तार घालतात! फ्यूज हा पहारेकरी आहे, पोरांनो. तो मरतो म्हणून घर वाचतं. तार काही मरत नाही. मग डायोड जळतो.”

“म्हणजे कुणीतरी बॅटरी उलटी लावली!”

“नऊ घरांना विचारलं. नऊही घरं माझ्यावर चिडली! ‘लाल प्लसला, काळं मायनसला, एवढं आम्हाला कळत नाही का?’ म्हणतात. मी टीव्ही दुरुस्त करतो, इथे घरच्या करंटवर दोन तास चालवून बघतो, उत्तम चालतो. घरी जातो, संध्याकाळी करंट जातो, आणि ह्याचा जीवही जातो.” अण्णांनी चष्मा काढून पुसला. “आता मलाच शंका यायला लागलीय. नजर कमी झाली असेल माझी.”

तेवढ्यात दारात सावली पडली. वठाराच्या मंडळाचे सेक्रेटरी दामोदरराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी एक कागद अण्णांपुढे धरला.

“कृष्णाजी, वाईट वाटून घेऊ नका. नऊ तक्रारी आल्यात. रविवारी पाचला सभा आहे. ही खोली मंडळाची आहे. एक दुकानदार मागतोय, ‘जुना द्या, रंगीत घ्या’ योजनेसाठी. तुम्हीही आता आराम करावा.”

“अण्णांची काही चूक नाहीये!” भार्गवी ताडकन म्हणाली.

“मोठ्यांच्या बोलण्यात मुलांनी पडू नये,” दामोदरराव म्हणाले, आणि आले तसे गेले.



“खोली गेली, तर मी येलहंक्याला भावाकडे जाईन म्हणतो,” अण्णा हळूच म्हणाले. “इथे राहून काय करू?”

“कुठेही जायचं नाही!” भार्गवीनं पाय आपटला. “आज बुधवार. रविवारला चार दिवस आहेत!”

त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी साडेसहाला करंट जायचा, तो आठला यायचा. त्यावर तोडगा म्हणून दामोदररावांनी मोठ्या हौसेनं सगळ्या वठारासाठी एकदम बावीस बॅटऱ्या आणल्या. बावीस वायरी वायरमन फत्तेसिंगकडून बनवून घेतल्या. वायरीच्या एका टोकाला बॅटरीसाठी लाल आणि काळा चिमटा, दुसऱ्या टोकाला टीव्हीत खोचायची पिन. वाटपाच्या दिवशी दामोदररावांनी चांगलं अर्धा तास भाषणही केलं होतं.

गुरुवारी दुपारी अण्णांनी भार्गवीच्या घरचा टीव्ही दुसऱ्यांदा दुरुस्त केला. नवा डायोड, नवा फ्यूज. संध्याकाळी शारजातली मॅच होती. शेजारची सहा-सात माणसं भार्गवीकडे जमली. साडेसहाला पंखा थांबला.

“मी लावणार!” भार्गवी पुढे झाली. “सगळ्यांनी नीट बघा हं. लाल चिमटा प्लसवर. बरोबर?”

“बरोबर!” सगळे म्हणाले.

“काळा चिमटा मायनसवर. बरोबर?”

“बरोबर, माझे आई! खोच आता, ओव्हर चाललीय!” हयवदन ओरडला.

तिनं पिन खोचली आणि बटण फिरवलं.

टप्!

एवढाच आवाज आला. पडदा काळा तो काळाच.

“घ्या! झाली अण्णांची दुरुस्ती!” मागून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हळूहळू उठून, ज्याचा टीव्ही चालू होता त्या घराकडे निघाली. भार्गवीची आई, श्यामला, काड्यापेटी शोधू लागली. तिनं मेणबत्ती लावली.

भार्गवी जिन्यात जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. शंतनु आणि हयवदन तिच्या दोन्ही बाजूंना बसले.

“मला तर हे प्लॅनिंग वाटतंय,” शंतनु कुजबुजला. “तो रंगीत टीव्हीवाला दुकानदार! तोच गुपचूप येऊन सगळ्यांचे सेट खराब करत असणार. आपण त्याच्यावर वॉच ठेवू या!”

“तो बावीस घरांत शिरणार, आणि अंबूअक्कांना दिसणार नाही?” हयवदन म्हणाला. “अंबूअक्कांना नकळत इथे मांजर शिरत नाही. परवा मी आमच्याच घरी चोरून लाडू खाल्ला, तर त्यांनी समोरच्या गॅलरीतून मोजले!”

“मग तू सांग ना! मोठा शहाणा!”

“थांबा रे स्वल्प, जरा थांबा!” भार्गवी एकदम म्हणाली. ती सरळ बसली. “अण्णा म्हणतात, उलटा करंट आला. बरोबर?”

“हो.”

“लोक म्हणतात, आम्ही चिमटे सुलट लावले. आम्हाला वाटत होतं, लोक खोटं बोलतायत. पण आज मी स्वतः लावले, सगळ्यांसमोर. म्हणजे लोक खरं बोलतायत!”

“मग अण्णा चुकले,” हयवदन दबकत म्हणाला.

“का? दोघंही खरे असतील तर? बॅटरीपाशी सुलट आणि टीव्हीपाशी उलट! मग ह्या दोघांच्या मधे काय आहे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“वायर!!”

भार्गवीच्या घरून टीव्ही आणि वायर उचलून तिघं जिना उतरून धावले ते थेट टाकीखालच्या खोलीत. वाटेत हयवदननं आपल्या घरातूनही वायर आणि बॅटरी उचलली, कारण त्याचा टीव्ही मजेत चालत होता. आई “अरे, मॅच!” म्हणून ओरडली, पण तो पार अंगणात पोचला होता.

मेणबत्तीच्या उजेडात अण्णांनी मीटर काढलं. काळी पेटी, काचेखाली बारीक काटा.

“आधी हयवदनची,” अण्णा म्हणाले.

भार्गवीनं मीटरचं लाल टोक पिनच्या मधल्या टोकाला लावलं, काळं बाहेरच्या कड्याला. काटा डौलात उजवीकडे सरकला आणि बाराच्या आकड्यावर थांबला.

“आता आमची.”

बॅटरी तीच, चिमटे तसेच. भार्गवीनं टोकं लावली मात्र, काटा ‘टक्’ करून डावीकडच्या भिंतीवर आपटला! शून्याच्याही मागे!

“उलटी!” शंतनु किंचाळला.

अण्णांनी मीटर जवळ ओढून काटा पाहिला. मग त्यांनी पिनवरची काळी टेप ब्लेडनं कापली आणि टोपण मागे सरकवलं. आत लाल वायर बाहेरच्या कड्याला डाखलेली, म्हणजे सोल्डर केलेली होती आणि काळी मधल्या टोकाला. अगदी नेमकं उलटं.

अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “बत्तीस वर्षं मी टीव्ही उघडले, पण वायर उघडायची राहिली! लोक टीव्ही आणायचे आणि वायर घरी खिळ्याला टांगून यायचे. मीही कधी मागितली नाही. मी आपलं चिमट्यांविषयी विचारत बसलो!”

“पण फत्तेसिंगकाकांनी असं का केलं? मुद्दाम?”

“छे! फत्तेसिंग घरांतली वायरिंग करतो. घरच्या करंटला दिशा नसते. तो सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे धावतो. प्लग सरळ घाला नाहीतर उलटा, दिवा लागतोच. फत्तेसिंगच्या हाताला तीच सवय. चिमट्यांना रंग होते म्हणून ते त्यानं जुळवले. पिनला रंगच नाही, मग जी वायर हाताला लागेल ती डाखली. पण बॅटरीचा करंट एकाच दिशेनं चालतो, वन-वे रस्त्यासारखा. तिथे उलटं शिरलं की अपघात.”

“आणि आमच्या टीव्हीचा डायोड?” भार्गवीनं काळजीनं विचारलं.

अण्णांनी तिचा टीव्ही उघडून मीटर लावलं. “जिवंत आहे! ह्या वेळी मी खरा फ्यूज घातला होता ना. पहारेकरी कामी आला.”

शुक्रवारी सकाळी तिघं उड्या मारत दामोदररावांकडे गेले. त्यांचं घर रस्त्याच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. दारावरची घंटा वाजवून भार्गवीनं एका दमात सगळं सांगितलं आणि वायर पुढे केली.

दामोदररावांनी वायर हातात घेतली. कापलेली टेप पाहिली आणि त्यांच्या भुवया चढल्या. “ही टेप कोणी कापली?”

“आम्ही. म्हणजे अण्णांनी. आत बघायला...”

“मंडळाच्या वायरी तुम्ही कापता? आणि आतल्या तारा इकडच्या तिकडे तुम्हीच केल्या नसतील कशावरून? आपल्या गुरूला वाचवायला!”

“आम्ही खोटं बोलत नाही!” शंतनु लाल झाला.

“ह्या वायरी मी स्वतः उभं राहून करून घेतल्यात. ह्यापुढे वठारातल्या एकाही वायरीला मुलांनी हात लावायचा नाही! आत्ता फळ्यावर लिहितो. समजलं?”

दार बंद झालं.

“संपलं,” हयवदन म्हणाला. “आता हातच लावायचा नाही म्हटल्यावर काय करणार?”

भार्गवी बंद दाराकडे बघत होती. तिच्या गालावर हळूहळू खळी उमटली. “काका काय म्हणाले, नीट आठव. मुलांनी हात लावायचा नाही.”

“मग?”

“मुलांनीच ना?”

शनिवारची सकाळ अण्णांच्या खोलीत गेली. भार्गवीनं घरून साबणाची रिकामी डबी आणली. अण्णांनी एका मेलेल्या टीव्हीतलं पिनचं भोक काढून दिलं, दोन चिमुकले दिवे दिले, एक हिरवा आणि एक लाल, आणि एक रेझिस्टर.

“हे दिवेही डायोडच आहेत,” अण्णा म्हणाले. “एकाच दिशेनं पेटतात. दोघांना एकमेकांच्या उलट बसव. करंट सुलट आला तर हिरवा पेटेल, उलट आला तर लाल. हा रेझिस्टर मधे घाल, म्हणजे करंट बेतानं जाईल, दिवे जळणार नाहीत. डाख मी देणार नाही. तूच दे.”

भार्गवीनं जीभ ओठांत धरून डाख दिला. पहिला गोळा झाला, दुसरा तुटला, तिसरा चकचकीत बसला. बॅटरीऐवजी शंतनुनं एका लाकडी पट्टीवर टॉर्चचे आठ सेल ओळीनं बसवले. एका टोकाला लिहिलं ‘+’, दुसऱ्याला ‘-’. हयवदननं एक वही घेतली आणि तिच्यात बावीस घरांची यादी केली. खिशात कडबोळी भरायलाही तो विसरला नाही.

पहिलं घर अंबूबाईंचं. सगळं वठार त्यांना अंबूअक्का म्हणे.

“अग बाई! हात लावायचा नाही म्हणून फळ्यावर लिहिलंय ना तुम्हाला?” त्यांनी दारातच अडवलं.

भार्गवीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. शंतनुनं बांधले. हयवदननं कडबोळं तोंडात धरून बांधले.

“आम्ही कुठे लावतोय, अंबूअक्का? वायर तुम्हीच काढायची, चिमटे तुम्हीच लावायचे, पिन तुम्हीच खोचायची. आम्ही नुसतं बघणार.”

“मी? मी त्या बॅटरीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही! तेजाब असतं म्हणे तिच्यात. अजून एकदाही लावली नाही मी ती.”

“ही बॅटरी नाही. टॉर्चचे सेल आहेत.”

अंबूअक्कांनी खिळ्यावरची वायर काढली. लाल प्लसला, काळं मायनसला. पिन डबीत खोचली. लाल दिवा पेटला!

“अय्या! हे काय?”

“म्हणजे तुम्ही बॅटरीला घाबरलात ते बरं झालं,” भार्गवी म्हणाली. “नाहीतर तुमचा टीव्ही गेला असता. अंबूअक्का, उद्या सभेला येताना वायर आणाल? आणि तोवर कुणाला काही सांगू नका हं.”

“मी? आणि सांगेन?” अंबूअक्का दुखावल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. “पुढच्या घरी मी येते तुमच्याबरोबर. पारिजाताजवळ राहणाऱ्या बाई तुम्हाला आत घ्यायच्या नाहीत.”

मग काय! पुढे डबी आणि सेलची पट्टी घेतलेल्या अंबूअक्का, मागे पाठीमागे हात बांधलेली तीन मुलं, अशी वरात निघाली. घरोघरी बायकांनीच चिमटे लावले, बायकांनीच पिना खोचल्या. हिरवा लागला की टाळ्या, लाल लागला की “अय्यय्यो!” दामोदरराव एकदा जिन्यात आडवे आले.

“काय चाललंय?”

“काका, बघा! आमचे हात बांधलेत!” तिघं एका सुरात म्हणाले.

दामोदररावांनी तिघांचे हात निरखून पाहिले. ते नुसतेच घसा खाकरून पुढे गेले.

संध्याकाळी वही पूर्ण झाली. एकवीस घरं. अकरा हिरवी, दहा लाल. मेलेले नऊही टीव्ही लाल घरांतले, आणि दहावं लाल घर अंबूअक्कांचं. हिरव्या घरातला एकही टीव्ही मेलेला नव्हता!

“पण बाविसावं घर राहिलं,” शंतनु म्हणाला. “सेक्रेटरींचं.”

“त्यांचा टीव्ही तर चालतो,” हयवदन म्हणाला. “म्हणजे हिरवाच असेल.”

भार्गवीनं रस्त्याकडच्या घराकडे पाहिलं. साडेसहा वाजले. सगळं वठार काळोखात बुडालं, पण दामोदररावांच्या खिडकीत ट्यूबलाइट तशीच जळत होती. त्यांचं घर रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या लाइनीवर होतं. तिथला करंट कधी जातच नसे.

“त्यांनी वायर लावलीच नाही कधी,” भार्गवी हळूच म्हणाली. “लावायची वेळच आली नाही!”

रविवारी पाचला अंगण भरलं. दामोदरराव टेबलामागे उभे राहिले. अण्णा कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. फत्तेसिंगही आला होता.

“पहिला विषय, टाकीखालची खोली,” दामोदरराव म्हणाले. “कृष्णाजींच्या हातून दुरुस्त झालेले टीव्ही...”

“मला बोलायचंय!”

भार्गवी उभी राहिली. तिनं हयवदनच्या हातातली वही घेतली.

“मुलांनी...”

“टीव्ही अण्णांमुळे जात नाहीत. वायरींमुळे जातात. दहा वायरी उलट्या आहेत. कुठल्या घरांतल्या, ते वहीत लिहिलंय. नंबर वाचू? तीन, पाच, आठ...”

ती वाचत गेली. प्रत्येक नंबराला एकेक घर माना डोलावू लागलं, “आमचा! आमचा गेला!”

“खेळ आहे सगळा!” दामोदररावांनी टेबलावर हात आपटला. “फत्तेसिंगनं माझ्यासमोर बनवल्यात वायरी. आता सगळ्यांसमोर माझा टीव्ही माझ्याच वायरीवर लावून दाखवतो!” ते तरातरा वर गेले आणि टीव्ही, बॅटरी आणि वायर घेऊन खाली आले. वायर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. त्यांनी पिशवी फाडली, चिमटे लावले. लाल प्लसला, काळं मायनसला. आणि पिन टीव्हीकडे नेली.

भार्गवीनं टीव्हीच्या मागच्या भोकावर तळहात ठेवला.

“हात काढ!”

“नाही काढणार. आधी डबीत लावा.”

“मी पोरांच्या खेळण्याला भीक घालत नाही! हात काढ म्हणतो ना!”

“नाही!” भार्गवीचा आवाज चिरकला. “टीव्हीनं काय पाप केलंय? तो उगाच का मरायचा? चूक माझी निघाली, तर मी अण्णांच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पण आधी डबी!”

श्यामला उठली. भार्गवीला वाटलं, आता आई सगळ्यांदेखत ओरडणार. पण आई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

“दामोदरराव, आधी डबी,” ती शांतपणे म्हणाली.

“हो, हो, आधी डबी!” अंबूअक्का गरजल्या. मग सगळ्या बायका, मग हळूहळू पुरुषही. “आधी डबी!”

दामोदररावांनी ओठ घट्ट मिटले आणि पिन साबणाच्या डबीत खोचली.

लाल!

 दामोदररावांनी पिन काढली, पुन्हा खोचली. लाल. त्यांनी आपल्या टीव्हीकडे पाहिलं, आणि त्याच्या मागे अजून घट्ट धरलेल्या भार्गवीच्या तळहाताकडे पाहिलं.

फत्तेसिंग पुढे आला. त्यानं टेप सोडवून आत पाहिलं. “माझंच चुकलं,” तो म्हणाला. “आम्ही घरांत कुठलीही वायर कुठेही लावतो, दिवा पेटतोच. पिनलाही बाजू असते, हे मला माहीतच नव्हतं.”

“अकरा लाल!” हयवदननं वहीत शेवटची खूण केली.

दामोदररावांचा चेहरा पार पडला होता. पण ते मनानं वाईट नव्हते. त्यांनी भार्गवीच्या पाठीवर थोपटलं. “शाब्बास, पोरी! माझा टीव्ही वाचवलास तू.”

“शाब्बासकी मला नको, काका,” भार्गवी म्हणाली. “नऊ घरांसमोर अण्णांना नावं ठेवलीत. आज बावीस घरांसमोर माफी मागा.”

 आई “भार्गवी!” म्हणाली, पण अगदी हळू.

दामोदरराव अंगण ओलांडून कोपऱ्यात गेले. त्यांनी हात जोडले. “कृष्णाजी, मी न बघता, न विचारता तुम्हाला दोष दिला. चुकलो मी. खोली तुमचीच आहे.”

अण्णांनी त्यांचे हात धरले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. “सरी, सरी. माफी पुरे झाली. उद्यापासून सुट्टी काढा आणि या. अकरा पिना सुलट करायच्या आहेत. फत्तेसिंग डाख देईल, ही मुलं तपासतील, तुम्ही टेप गुंडाळा!”

तीन दिवस टाकीखालची खोली गजबजून गेली. अण्णांनी नऊ टीव्हींचे डायोड तपासले, जळलेले बदलले. फत्तेसिंग जमिनीवर मांडी घालून मुलांबरोबर शिकला. जाड तारा निघाल्या, खरे फ्यूज बसले. भार्गवी एकही वायर डबीत हिरवी लागल्याशिवाय बाहेर सोडेना, सेक्रेटरींची तर तिनं दोनदा तपासली.

बुधवारी साडेसहाला करंट गेला.  बटण आधी कोण फिरवणार?

“मी!” काळोखातून अंबूअक्कांचा आवाज आला. “ह्या पोरीनं डबी लावून पाहिलीय. मला भीती नाही!”

त्यांच्या खिडकीत निळसर उजेड थरथरला आणि स्थिर झाला. मग शेजारी. मग वर. मग समोर. एकेक करत वठारातल्या खिडक्या उजळल्या. दामोदररावांच्या घरी करंट होता, तरी ते टीव्ही आणि बॅटरी घेऊन खाली अंगणात आले आणि चारचौघांत बसून बॅटरीवर मॅच बघू लागले.

अण्णा पायरीवर मुलांजवळ बसले. “मी आयुष्यभर बिघडलेला भाग शोधत आलो,” ते म्हणाले. “पण दोन माणसं एकमेकांविरुद्ध बोलत असताना दोघंही खरी असतील, हे मानून मधला बिघाड शोधणारी मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहिली.”

तेवढ्यात अंगणात गलका उठला. चौकार! बावीस छोट्या पडद्यांवर एकाच वेळी चेंडू सीमेपार गेला, आणि हयवदन कडबोळ्यांसकट उभा राहून नाचू लागला.